एका बोटाची स्प्रिंग

मु. पो. युसूफ वडगाव, ता. केज
बुधवार, ४ फेब्रुवारी

आदरणीय आबासाहेब मामा,

तुम्हाला आणि मामींना पंचशीलाचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की पुण्यात सातव्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघितलं की एसटीच्या टपावर सामान चढवायला उभं राहिल्यासारखं वाटतं. तसं असेल तर कृपया फार वाकून बघू नका, तुमची एसटीची सवय मला माहीत आहे, तुम्ही सामान मोजायला लागाल. मामींची साखर उतरली का? आई रोज विचारते, आणि विचारता विचारता स्वतःच्या चहात दोन चमचे घालते. अण्णांचा खोकला गेला, विडी गेलेली नाही. आम्ही बाकी सगळे खुशाल आहोत. विलासदादा माझ्याशी सोमवारपासून बोलत नाही, पण जेवतो नीट, त्यामुळे त्यालाही खुशालच समजायचं.

फोन करता आला असता. पण मला कॉलेजला सोडताना तुम्हीच बजावलं होतं की फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं आणि कागदावर लिहिलेलं पेटीत राहतं. शिवाय हा विषय असा आहे की तो तुमच्याशिवाय आमच्या नात्यात कोणाला कळणार नाही. तुम्ही एकतीस वर्षं एसटी चालवलीत. गाडीच्या खाली जे असतं ते माणसाच्या पाठीपर्यंत कसं पोचतं हे तुम्हाला अंगाने ठाऊक आहे. मला ते फक्त पुस्तकातून ठाऊक होतं. मागच्या दहा दिवसांत मी त्या पुस्तकाच्या पानांवर चढून, उतरून, आणि एकदा पडूनसुद्धा आले.

गोष्ट तुमच्या पांढऱ्या गाडीची आहे. (घाबरू नका. गाडी सुखरूप आहे. मागचा डावा दिवा सोडून.) पुण्याला जाताना तुम्ही ती विलासदादाच्या हवाली केलीत, तेव्हापासून ती रोज वडगाव ते केज अशा दोन फेऱ्या करते. या फेऱ्यांमध्ये तीन सवाऱ्या पक्क्या आहेत. केजच्या दवाखान्यातल्या माया सिस्टर, अंड्यांची पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या छबुबाई, आणि म्हाळू तात्या. तात्यांनी मेंढरं मुलांच्या ताब्यात दिली आणि आता सोमवार-गुरुवारी कंबर शेकून घ्यायला आणि बाकीचे दिवस शेकलेली कंबर लोकांना दाखवायला ते केजला जातात. हे तिघं पक्के, उरलेल्या जागा नशिबाच्या. पण तिघं आहेत म्हणून फेरी निघते, आणि फेरी निघते म्हणून आपलं घर चालतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता नवीन गोष्ट अशी की त्याच थांब्यावर अंगदने नवी गाडी आणून उभी केली आहे. मऊ सीट, गाणी, खिडकीला पडदे. आपली गाडी मागून बघितली तर अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी दिसायची. मागच्या स्प्रिंगा इतक्या बसल्या होत्या की दादाने त्यांच्या वेटोळ्यांत जुन्या टायरचे तुकडे कोंबले होते. तुकडे पडले की तो नवे कोंबायचा. यालाच तो देखभाल म्हणत असे.

टायर तर असे गुळगुळीत झाले होते की तळहातावरच्या रेषा त्यांच्यापेक्षा खोल. आणि नेमकं त्याच वेळी भगवानरावांच्या ट्रॅकवर चार नवे टायर बक्षीस लागले.

भगवानराव म्हणजे लिंबागणेशजवळच्या माळावर ज्यांच्या जमिनीत पवनचक्क्या उभ्या आहेत ते. त्यांचा मुलगा हरिओम दक्षिणेत कुठेतरी जाऊन गाड्यांच्या शर्यतीचं वेड घेऊन परत आला. भगवानरावांनी महिनाभर डोकं धरलं आणि मग त्याच माळावर सव्वा किलोमीटरचा डांबरी ट्रॅक करून दिला. कोणी विचारलं की सांगतात, "पोरगं रस्त्यावर मरन्यापरीस माझ्या डोळ्याम्होरं गोल फिरू दे." तिथे रविवारी स्पर्धा ठेवली होती, खास रोजच्या गाड्यांसाठी. नियम एकच, पण कडक. गाडी आपल्या चाकांवर यावी, त्याच टायरांवर आणि त्याच स्प्रिंगांवर पळावी, आणि त्यावरच घरी जावी. येताना ट्रकवर टाकून आणलेली गाडी चालणार नाही.

दादाने नाव दिलं, आणि मी म्हणाले की स्प्रिंगा मी निवडीन.

मामा, मी असं का म्हणाले ते तुम्हाला कळेल. मी घरातली पहिली पदवीधर. आईने माझं इंजिनिअरिंगचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं आहे, आणि अशा उंचीवर लावलं आहे की आलेल्या माणसाने हात जोडून मान उचलली की आधी माझे मार्क दिसतात. पण गेल्या आठ महिन्यांत त्या प्रमाणपत्रापुढे आलेली कामं म्हणजे तीन कुकर, एक टीव्हीचा रिमोट आणि म्हाळू तात्यांच्या सुनेचं शिलाई मशीन. (मशीन सुरू झालं. एका कुकरची शिट्टी अजून सापडलेली नाही.) मला एकदा तरी असं काम करायचं होतं ज्यात जे शिकले ते खरं आहे की नाही हे मला स्वतःला कळेल. दादा म्हणाला, "कर. पन सोमवारी तिघं गाडीत बसली पायजेत. न्हाई बसली तर तुझं ते लॅमिनेशन काडून मी अंगदच्या गाडीला पडदा करीन." अट मी मान्य केली.

आता अडचण ऐका. आमचे सर वर्गात सांगायचे की रस्त्यावरच्या गाडीला मऊ स्प्रिंग हवी, म्हणजे खड्ड्यात चाक एकटं खाली-वर होतं आणि आत बसलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. शर्यतीच्या गाडीला कडक हवी, म्हणजे वळणावर गाडी एका कुशीवर आडवी होत नाही. एकाच गाडीने दोन्ही करायचं असेल तर कुठेतरी मध्ये थांबायचं, आणि मध्ये म्हणजे नेमकं कुठे हे विचारलं की पुस्तक म्हणतं, ते वापरावर अवलंबून आहे. पण त्याच पुस्तकात एक गोष्ट होती जी वाचून मी हॉस्टेलच्या खाटेवर उठून बसले होते. गाडीची शेपटी हाताने दाबून सोडली की ती एका ठरलेल्या तालात खाली-वर होते. सेकंदाला एक-सव्वा वेळा झाली तर माणसाला झोप येते, दोनदा झाली तर दात वाजतात. आणि हा ताल दोनच गोष्टींनी ठरतो. स्प्रिंग किती कडक आहे, आणि तिच्यावर वजन किती आहे. बस्स. गाडी कोणाची, चालवणारा कुठल्या वस्तीतला, त्याची जात काय, असलं काही ती विचारत नाही. तलाठ्याची गाडी आणि आपली गाडी, दोघींना एकच नियम. जगात इतकी न्यायी गोष्ट लोखंडाच्या वेटोळ्यात बसलेली असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

स्प्रिंगा आम्ही केजला आदिनाथच्या भंगारात शोधल्या. तिथे स्प्रिंगांचा एवढा मोठा ढीग आहे, पण कुठली कुठल्या गाडीची, किती कडक, काही लिहिलेलं नाही. मी आदिनाथला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, हितं सगळं किलोवर हाय. मऊ-कडक तुमी घरी जाऊन बगा." आपल्या गाडीला बसतील अशा तीन जोड्या त्याने 'वापरून बघा, न्हाई आवडल्या तर आणून टाका' या बोलीवर दिल्या. कॉलेजात स्प्रिंग मोजायला कपाटाएवढं यंत्र होतं. इथे मी पहिल्यांदा सोयाबीनचं पोतं ठेवून बघितलं. स्प्रिंगने ते थोडा वेळ सहन केलं आणि मग बाजूला टाकून दिलं, माझ्यासकट. तेव्हा लक्षात आलं की घरात एकच वजन असं आहे जे ठरलेलं आहे आणि स्वतःचा तोल स्वतः सांभाळतं, ते म्हणजे आई. (बावन्न किलो, सिस्टरच्या दवाखान्यातल्या काट्यावर, चपला काढून.) मग स्प्रिंग तेलाच्या कापलेल्या डब्यात उभी केली, वर पाट ठेवला, पाटावर आई, आणि तोल सावरण्यापुरता तिचा एक हात लिंबाच्या फांदीला. किती दबली ते मोजायला मी पट्टी आणायला उठले तर आई म्हणाली, पट्टी कशाला, तू खुणा कर, मी उतरून माझी बोटं लावते. पहिली जोडी तीन बोटं दबली, दुसरी दोन, तिसरी एक. आई प्रत्येकीवर पाच-पाच वेळा चढली-उतरली, आणि मामा, पाचही वेळा तेवढीच बोटं! ती उतरली की स्प्रिंग जिथल्या तिथे, केसाचाही फरक नाही. कुठल्या कोण गाडीची ती, कधी आपटली, किती पावसाळे त्या ढिगात पडून होती, पण आपली उंची ती विसरली नव्हती. आई तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "भंगारात पडून बी ताठ. लई मानी हाय गं ही."

दादाचं मत पहिल्यापासून दोन बोटांच्या जोडीला होतं. त्याचं तत्त्वच आहे, "मधलं घे. मधल्याला कुनी शिव्या देत न्हाई." मला ते पटत नव्हतं. आपण चार वर्षं शिकायचं आणि शेवटी मधलं घ्यायचं, मग शिकायचं कावून? आणि नेमकं तेव्हा आई पाटावरून उतरत म्हणाली की हे तर ट्रकच्या फळीवाणी हाय.

तुम्हाला ती फळी माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिरूर कासारला तुम्ही शाळेत बसला होता तेव्हा ती अकरा हंगाम डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मोळी घिऊन चडलं की फळी गप ऱ्हाती, वझ्यासंगं चालती. रिकामं उतराया लागलं की तीच फळी नाचवती. नव्या पोरी चडताना न्हाई पडायच्या, रिकाम्या उतरताना पडायच्या." मामा, मी तिथेच सोयाबीनच्या पोत्यावर बसले. वजन चौपट झालं की ताल निम्मा होतो, हे वर्गमुळाचं गणित आहे. परीक्षेत मला त्याचे आठपैकी सहा मार्क पडले होते, आणि ही बाई ते डोक्यावर मोळी घेऊन, फळीवरून चालत, माझ्या जन्माआधीच सोडवून बसली होती.

आणि उत्तर तर समोरच होतं. कडक स्प्रिंग वजनाखाली मऊ होते. आपली गाडी रस्त्यावर असते तेव्हा तिच्यात आठ माणसं आणि एक पाटी असते. ट्रॅकवर असेल तेव्हा एकटा दादा असेल. म्हणजे एकच स्प्रिंग, एका बोटाची, आठ जणांखाली मऊ आणि एकट्याखाली कडक! पुस्तकाला हे सुचलं नाही, कारण पुस्तक जिथे लिहिलं गेलं तिथे गाडीत एकटाच माणूस बसतो. मला इतका आनंद झाला की मी आईच्या पाया पडले. तिला वाटलं, कुकरची शिट्टी सापडली.

शुक्रवारी आम्ही एका बोटाची जोडी बसवली, बाकीच्या दोन आदिनाथला परत केल्या. शनिवारी भरल्या गाडीने केज गाठलं. काय सांगू! त्या रस्त्यावर (मध्ये एकदा तो झाला होता, नंतर परत रस्त्यासारखा राहिला नाही) गाडी अशी चालली की जणू खड्ड्यांना विचारून खड्ड्यांत उतरत होती. म्हाळू तात्या उंदरी गाव यायच्या आधीच झोपले, तोंड उघडं टाकून. मी पुढच्या सीटवरून मागे वळून त्यांच्याकडे असं बघत होते जसं लोक निकालाकडे बघतात. छबुबाईंनी केजात पाटी उतरवून अंडी दोनदा मोजली. एकही फुटलं नव्हतं. (रोज दोन-तीन फुटायची आणि ती माया सिस्टरना स्वस्तात मिळायची, त्यामुळे सिस्टर जरा हिरमुसल्या.)

रविवारी शर्यत बघायला तिघंही आले. आईही आली. वर पवनचक्क्या सावकाश फिरताहेत, खाली पिवळा माळ, आणि त्या माळावर ओल्या पाटीसारखा काळाभोर रस्ता. इतका गुळगुळीत रस्ता मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला, आणि तो कुठेच जात नव्हता. छबुबाईंनी विचारलं, ह्या रस्त्याने पुढं कोणतं गाव लागतं? मी म्हटलं, गाव नाही, गोल आहे, परत इथेच येतो. त्या म्हणाल्या, "मंग येवढा चांगला हितं कावून केला?" मी हरिओमकडे बोट दाखवलं. तो मोठा सज्जन मुलगा आहे, त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि मग छबुबाईंना बसायला खुर्ची दिली.

नऊ गाड्या होत्या. प्रत्येकीला एकेकटीने तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यात वेगाची धरायची. दादाची पहिली फेरी सुंदर सुरू झाली. पहिल्या वळणावर गाडी जराही कलली नाही, आईने माझा दंड धरला. दुसऱ्या वळणावर हरिओमने एक माणूस उभा केला होता. पुढचा रस्ता मोकळा आहे असं दाखवायला त्याने हिरवा झेंडा घेतलेला हात वर केला. मामा, तुम्ही ओळखलंच असेल. बारा वर्षं सवारी भरणाऱ्या माणसापुढे हात वर केला! दादाने करकचून ब्रेक मारला, गाडी बरोबर त्या माणसाच्या पायाशी लावली, वाकून डावं दार उघडलं आणि विचारलं, "केज का? बसा." तो माणूस झेंडा धरून तसाच उभा. घड्याळ चालू होतं. माळावर जमलेल्या दोन-तीनशे लोकांनी जे केलं ते मी लिहीत नाही. दादा परत आल्यावर म्हणाला, "हात वर झाला की पाय आपोआप ब्रेकवर जातोय, त्याला मी काय करू?" मला मात्र हसू आलं नाही. त्याच्याही पायात एक स्प्रिंग आहे, इतकंच मनात आलं.

दुसऱ्या फेरीत तो झेंड्याकडे बघायचंच नाही असं ठरवून गेला, आणि त्याच वळणावर रिकाम्या गाडीची शेपटी दाव्याला हिसका देणाऱ्या वासरासारखी बाहेर निघाली. गाडी अर्धी फिरली आणि कुसळांत जाऊन उभी राहिली. (मागचा डावा दिवा इथे गेला.) दादाला काही लागलं नाही. कडक चांगली हे मला माहीत होतं, पण कडक, रिकामी आणि वर तळहातासारखे टायर, म्हणजे फळी नाचवणारच. आई माझ्या शेजारी उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. रिकाम्या उतरताना पडणाऱ्या नव्या पोरीकडे मुकादम बघत असेल तसं.

तिसरी फेरी उरली होती, आणि दादा जायला तयार नव्हता. तेव्हा म्हाळू तात्या काठी टेकत हरिओमपुढे गेले आणि म्हणाले, नियम वाचून दाखव. त्याने वाचला. 'रोजच्या वापरातील गाडी, रोजच्या स्थितीत.' तात्या म्हणाले, "मी त्या गाडीची रोजची स्थिती हाय. मी न्हाई, ही सिस्टर न्हाई, ही छबू न्हाई, तर ती गाडी रोजची कशी बे?" हरिओमने नियम पुन्हा एकदा स्वतःशी वाचला. मग त्याने वडिलांकडे बघितलं. भगवानराव खुर्चीतून म्हणाले, "बसू दे. पन टोपडी घालून." बाकीच्या स्पर्धकांनी आपापली हेल्मेटं काढून दिली. छबुबाईंनी पदरावरून घातलं. पाटीत पन्नासेक अंडी उकडून विकायला आणली होती, ती अनोळखी माणसांत ठेवायला त्या तयार नव्हत्या, म्हणून ती मांडीवर. मागे चौघं, आईसकट, आणि पुढे मी.

मामा, मी आता जे लिहिते ते हसण्यासाठी नाही. दादाने गाडी सोडली आणि मला खालून जाणवलं की गाडी बसली. बैल खुट्याला टेकून शांत बसतो तशी. दुसऱ्या वळणावर (झेंडेवाल्याने या वेळी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते) शेपटी सुटली नाही, गाडी कलून एका ठिकाणी थांबली आणि त्याच कलत्या अंगाने अख्खं वळण काढून गेली. वर पवनचक्कीचं पातं आमच्यावरून सावली टाकून गेलं. माझ्या वहीतलं ते वर्गमूळ, तेच, त्या क्षणी माझ्या कमरेखाली चाललं होतं. वजन, लोखंड, ताल. ते खरं आहे, मामा. कोणी बघो न बघो, ते खरं आहे, आणि आपल्या गाडीलाही लागू आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागून तात्यांनी दादाला हाक दिली, "इल्या, परत एक मारायची का?"

नऊपैकी सातवे आलो. (आठव्याचं इंजिन तापलं होतं आणि नववा लग्नाला निघून गेला होता.) टायर अंबाजोगाईच्या एका मास्तरांना मिळाले. पण नंतर हरिओम स्वतः आमच्या गाडीखाली आडवा झाला, त्याने मागची स्प्रिंग हाताने चाचपून बघितली आणि मला विचारलं की ही किती कडक आहे. मी म्हणाले, एक बोट. तो म्हणाला, कोणाचं बोट? मी आईकडे दाखवलं. त्याने बाहेर येऊन आईच्या हाताकडे बघितलं. ते कोयत्याचे जुने व्रण असलेलं, दोन बोटांएवढं जाड बोट. आणि मामा, तो हसला नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मी इथेच पत्र संपवलं असतं तर किती बरं झालं असतं. पण रविवारनंतर सोमवार येतो. छबुबाईंची सगळी अंडी माळावर विकली गेली, त्यामुळे सोमवारी बाजारात न्यायला काही नव्हतं, त्या आल्या नाहीत. माया सिस्टरनी रविवारसाठी ड्यूटी बदलून रात्रपाळी घेतली होती, त्या घरी झोपल्या होत्या. नशिबाच्या जागा नशिबाने रिकाम्या राहिल्या. गाडीत एकटे म्हाळू तात्या, मागच्या सीटवर, कंबर शेकायला निघालेले, आणि त्यांच्याखाली एका बोटाची स्प्रिंग. वडगाव ते केज. तुम्ही डोळ्यांपुढे आणा, मला लिहवत नाही. ते दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांची टोपी सीटखाली होती आणि कवळी हातात. संध्याकाळी ते अंगदच्या गाडीतून परत आले. दारात उभे राहून मला म्हणाले, "पोरी, ती गाडी हाय का शेळी? मी कंबर शेकाया जातो का मोडाया?" मग त्यांनी बाकीच्या दोघींनाही सांगितलं, आणि तिघांनी मिळून दादाला निरोप दिला आहे की येत्या सोमवारपर्यंत गाडी माणसात आली तर ठीक, नाहीतर तिघंही अंगदकडे. अंगदने गाण्यांचा आवाज वाढवला आहे. दादा जेवतो पण बोलत नाही. आणि मला अजूनही, मामा, डोळे मिटले की ते वळण दिसतं.

गुडघ्याला तेल लावत जा. मामींना सांगा, मेथीचं पाणी सोडू नका.

गाडीखाली जे चालतं त्याच्यापुढे हात जोडलेली तुमची भाची,
पंचशीला

ता. क. १ : वरची सगळी पानं ही प्रस्तावना होती. मुद्दा असा की एका बोटाची स्प्रिंग उत्तम आहे, तिला फक्त मागच्या सीटवर कायमचं वजन हवं. आम्ही सोयाबीनची दोन पोती टाकून बघितली, तर आई म्हणाली की बियाण्याला कशाला केज दाखवता. मग धोंडे टाकले, तर म्हाळू तात्या म्हणाले, "धोंड्यासंगं काय बोलू?" म्हणजे वजन असं हवं जे आपलं आपण चढेल-उतरेल, तात्यांशी जुन्या रस्त्यांविषयी बोलेल, आणि दादाच्या गाडी चालवण्यात चुका काढणार नाही. (तिसरी अट तुमच्यासाठी शिथिल करता येईल.) मामींनी मागे फोनवर तुमचं वजन चौऱ्याण्णव सांगितलं. मी गणित केलं आहे, अगदी योग्य आहे. तरी शनिवारच्या एसटीने यावं, सोमवारपासून काम सुरू. मुक्काम हंगाम संपेपर्यंत धरावा.

ता. क. २ (शुक्रवार) : पोस्टाचे मास्तर दोन दिवस रजेवर होते, पत्र घरातच राहिलं. दरम्यान काल दादा कोणाशी न बोलता आदिनाथकडे गेला आणि दोन बोटांची जोडी घेऊन आला. मी पाने हातात देत गेले, तासाभरात बसली. तात्यांना एकट्यांना बसवून केजला नेऊन आणलं. जाताना झोपले, येताना झोपले. आज भरलेली गाडी नेली, एक अंडं फुटलं, ते सिस्टरनी घेतलं आणि त्या खूश आहेत. तिघांनी राहायचं कबूल केलं आहे, अंगदने गाणी कमी केली आहेत, आणि दादा माझ्याशी बोलला. म्हणाला, "मधलं घे म्हन्लो होतो." एका बोटाची जोडी मी परत दिलेली नाही, पुसून, तेल लावून माझ्या खाटेखाली ठेवली आहे. तेव्हा आता वजनाची गरज उरली नाही, आणि खोटं लिहवत नाही म्हणून लिहिते की वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. ३ : आत्ता आईने सगळं वाचून दाखवायला लावलं. शेवटाला आल्यावर ती म्हणाली, "रद्द कावून लिवलं?" मी म्हटलं, गरज संपली. ती म्हणाली, "गरज संपली म्हनून भाऊ येत न्हाई व्हय?" ती ते वाक्य खोड म्हणते आहे आणि उठायला तयार नाही. पण पेनाने लिहिलेलं खोडलं की पत्र घाण दिसतं, म्हणून मी ते तसंच ठेवलं आहे. वाचताना तेवढं तुम्ही सोडून द्या.